दादरचं कथावाचन: एका सकाळी दोन जत्रा, दोन पोरं

प्लाझाच्या मागच्या गल्लीत एका हॉलमध्ये रविवारी सकाळी आठवी-नववीच्या मुलांसाठी कथावाचन असतं, फी अडीचशे, मोठ्यांना मागच्या खुर्च्यांवर बसू देतात. भाचीला घेऊन गेलेलो. या वेळी प्रेमचंदांची ईदगाह आणि आयरिश लेखक जेम्स जॉइसची अ‍ॅरबी अशा दोन गोष्टी जोडीने ठेवलेल्या. एक १९३३ ची, दुसरी १९१४ च्या डब्लिनर्स या कथासंग्रहातली, म्हटलं हा कसला मेळ, पण ऐकल्यावर कळलं की मामला एकच आहे, पोरगं, खिशात चिल्लर, जत्रा, आणि कुणासाठी तरी काहीतरी घ्यायचं. ज्याने कोणी ही जोडी लावली त्याला सलाम.

हामिद चार-पाच वर्षांचा, आईबाप गेलेले, आजी अमीनाने दिलेले तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला निघतो. आपल्याकडे ही गोष्ट शाळेत शिकवतात ती त्याग, संस्कार, गुणी बाळ अशी, आणि इथल्या ताईंनीही सुरुवात तशीच केली. मग मागून एक मुलगा म्हणाला, ताई, त्याला मित्रांची जिरवायची होती ना? ताई हसल्या, पण उडवून न लावता त्यांनी तो परिच्छेद परत वाचला, आणि खरंच आहे की! मोहसिन रेवडी पुढे करतो आणि हामिदने हात लांबवला की स्वतःच्याच तोंडात टाकतो, सगळे फिदीफिदी हसतात. त्यानंतर लोखंडी सामानाच्या दुकानापाशी चिमटा बघून हामिदच्या डोक्यात काय काय चालू असतं बघा, आजीची बोटं तव्यावर भाजतात हे तर आहेच, पण आजी दुवा देईल, शेजारणींना दाखवेल, आणि ही पोरं मला मिजास दाखवतात ना, मीपण दाखवीन, हेही आहे. मित्रांची तोंडं गोड खाऊन सडतील, फोड येतील असंही मनात म्हणून घेतो. मला हा हामिद जास्त आवडला. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचवर येतो, हा तीन देणार का विचारतो आणि सरळ पुढे चालायला लागतो, दुकानदार खेकसेल म्हणून, आणि दुकानदारच त्याला परत हाक मारतो. क्रॉफर्ड मार्केटला आपण मुद्दाम जे करतो ते याच्याकडून घाबरून होतं.

अ‍ॅरबीमधला पोरगा वयाने मोठा, काका-काकूंकडे राहणारा, मित्राच्या बहिणीवर जीव टाकलेला. ती म्हणते मला अ‍ॅरबी नावाच्या बाजाराला जायचं होतं पण कॉन्व्हेंटमुळे जमणार नाही, बोलताना मनगटातलं चांदीचं कडं फिरवत असते, आणि हा पटकन बोलून जातो, मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. काहीतरी! तुला काय हवंय हे विचारतच नाही. आणि गंमत म्हणजे घरून ठरवून निघालेला हा, हामिदने तर काहीच ठरवलेलं नसतं. शनिवारी काका रात्री नऊला उगवतो, तोही पिऊन आलेला, मग दोन शिलिंगचं नाणं मिळतं, थर्ड क्लासच्या रिकाम्या डब्यात बसून हा दहा वाजायला दहा मिनिटं असताना पोचतो (रिकामा डबा म्हटल्यावर पोरं जाम हसली, दादरची ना), स्वस्तातला गेट सापडत नाही म्हणून एक शिलिंग आत शिरण्यातच घालवतो. बहुतेक स्टॉल बंद, एका स्टॉलवरची बाई दोन पुरुषांशी गप्पा मारण्यात दंग, याला काय हवं ते नाइलाजाने विचारते, हा नको म्हणतो, दिवे मालवतात. आणि शेवटी याला राग येतो तो स्वतःचाच, आपण किती पोकळ हौसेपायी धावलो म्हणून.

इथे ताई म्हणाल्या की एकाचं प्रेम निःस्वार्थ आणि दुसऱ्याचा अहंकार. मला नाही पटलं. लोकांनी आपल्याला मानावं हे दोघांनाही हवंय, हामिदला तर जरा जास्तच, परतीच्या वाटेवर चिमट्याला रुस्तम-ए-हिंद ठरवून सगळ्यांची बोलती बंद करतो तो. फक्त त्याने आजीची बोटं रोज बघितलीयेत, त्यामुळे मिजास दाखवायची तरी कशाने हे त्याला बरोबर सुचतं. डब्लिनच्या पोराने त्या मुलीला चोरून खूप बघितलंय, खिडकीचा पडदा इंचभर वर ठेवून, रोज सकाळी, पण तिला काय लागतं ते त्याला ठाऊक नाही, मग पैसे पुरले असते, काका वेळेवर आला असता, तरी त्याने घेतलं काय असतं? यावर अजून अर्धा तास हवा होता, नेमकं तेव्हाच आवरतं घेतलं.

बाकी वाचन मस्त, ताईंचा आवाज छान, मोहसिनची ऐट तर त्यांनी झकास केली. अ‍ॅरबीचं मराठी भाषांतर मात्र फार अवघडलेलं, दोन-तीन वाक्यं मुलांच्या डोक्यावरून गेली, आणि झेरॉक्स इतकी फिकट की मागे बसलेल्यांना चष्मा लावूनही दिसेना. पंख्याची घरघर वेगळीच. पाचपैकी चार देतो. मुलांना पाठवा, पण ईदगाह घरी आधी वाचून घ्या, तिथे ती मराठीत सांगतात आणि मूळ हिंदीतला ठसका थोडा कमी होतो. आणि पुढच्या रांगेत जागा धरायला साडेनऊला पोचा.