ट्यूब्युलर काढून २८० ॲम्पिअर-तासांची लिथियम: ट्रॅव्हलर कॅम्परमधला अकरा महिन्यांचा वापर

गाडी फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर. मागच्या बाकाखाली १५० ॲम्पिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्या होत्या. त्या काढून तिथे ३.२ व्होल्टचे २८० ॲम्पिअर-तासांचे चार लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सीरिजमध्ये (एकाचा प्लस पुढच्याच्या मायनसला) बसवले. सोबत २०० ॲम्पिअरचं बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट), १५०० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर, छतावर ४०० वॉटची पॅनेल्स, त्यांची वीज बॅटरीत भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर आणि अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून) चार्जिंगसाठी ३० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर. भार नेहमीचाच: ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज, दोन बीएलडीसी पंखे, दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप आणि १२०० वॉटवर चालणारं इंडक्शन.

कागदावर जुनी आणि नवी बँक (बॅटरीचा संच) सारखीच दिसते. ३०० गुणिले १२ म्हणजे ३६०० वॉट-तास, २८० गुणिले १२.८ म्हणजे ३५८४. पण शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवता येत नाही, आणि तिच्यावर छापलेली क्षमता दहा किंवा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरची असते. इंडक्शन लावलं की ती आणखी घटते. लिथियममधले ८०-८५ टक्के रोज बिनधास्त वापरता येतात, म्हणजे तीन युनिट वीज. वजन शंभर किलोच्या वरून पेटीसकट तिसाच्या आत आलं.

रोजच्या वापरात सगळ्यात मोठा फरक मात्र क्षमतेत नाही, चार्जिंगमध्ये जाणवला. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांनंतर करंट घेईनाशी होते. शेवटचे वीस टक्के भरायला चार-पाच तास लागतात आणि दुपारचं निम्मं ऊन वाया जातं. लिथियम ९५ टक्क्यांपर्यंत मिळेल तेवढं घेत राहते. त्याच पॅनेल्समधून उन्हाळ्यात आता दिवसाला १०० ते ११० ॲम्पिअर-तास पदरात पडतात. इंडक्शनवर वीस मिनिटांचा स्वयंपाक म्हणजे साधारण ३६ ॲम्पिअर-तास. पूर्वी शेगडी लावली की व्होल्टेज ११.३ वर यायचं आणि इन्व्हर्टर ओरडायचा. आता शंभर ॲम्पिअर ओढतानाही १२.९ च्या आसपास राहतं.

आता अल्टरनेटर. जुना स्प्लिट-चार्ज रिले (इंजिन चालू झालं की मागची बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडणारा स्विच) तसाच ठेवून लिथियम जोडली तरी चालते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकू नका. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून तो देईल तेवढा करंट ओढते. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, हवा कमी पडते आणि वाइंडिंग तापतं. दुसरा धोका अचानकचा. भरलेली बॅटरी बीएमएसने एका क्षणात तोडली की अल्टरनेटरचा करंट जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात. डीसी-डीसी चार्जर हे दोन्ही टाळतो. ३० ॲम्पिअर देताना तो स्टार्टरच्या बॅटरीकडून ३५ ते ४० ॲम्पिअर घेतो, म्हणून त्या बाजूचा फ्यूज ६० चा आणि केबल १६ चौरस मिलिमीटरची ठेवली. इंजिन चालू आहे हे चार्जरला व्होल्टेजवरून ओळखायला लावू नका. बीएस-६ गाड्यांचे अल्टरनेटर मधूनच व्होल्टेज खाली आणतात आणि चार्जर उगाच बंद पडतो. इग्निशनची वायर त्याच्या कंट्रोल टर्मिनलला द्यावी. तो बऱ्यापैकी तापतो आणि तापला की करंट स्वतःच कमी करतो, म्हणून उभा बसवून वर-खाली चार बोटं मोकळी जागा ठेवावी. चार तासांच्या प्रवासात ११० ते १२० ॲम्पिअर-तास भरतात, तेवढे पुरतात.

सेल जोडण्याआधी टॉप बॅलन्सिंग, म्हणजे चौघांना पूर्ण भरून एका पातळीवर आणणं, टाळता येत नाही. कारखान्यातून सेल अर्धवट भरलेले येतात आणि चौघांची पातळी नेमकी सारखी नसते. हे केलं नाही तर लक्षण ठरलेलं: एकूण व्होल्टेज १३.८ असतानाच एक सेल ३.६५ ला पोचतो, बाकीचे ३.३८ वर असतात आणि बीएमएस चार्जिंग तोडतं. बॅटरी खराब नसते, पातळी चुकलेली असते. चारही सेल सुरुवातीपासून पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करून १० ॲम्पिअरच्या पॉवर सप्लायने भरायला बसलात तर तीन दिवस जातील. आधी सीरिजमध्ये बीएमएससकट भरावं; पहिला सेल वर पोचून चार्जिंग तुटलं की मग सोडवून पॅरलल करावं. सप्लायचं व्होल्टेज ३.६५ वर जोडण्याआधीच मल्टीमीटरने पक्कं करावं, नंतर नॉबला हात लावू नये. करंट जवळजवळ शून्यावर आला की झालं. या टप्प्यात सप्लाय चालू ठेवून घराबाहेर पडू नये; सेल फुगतात ते इथेच.

पेटी बनवताना सेलच्या मधे अर्ध्या मिलिमीटरची ग्लास इपॉक्सी शीट घातली. सेलचा डबा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावर फक्त निळं पातळ प्लास्टिक. कोकणातल्या रस्त्यांवर ते एकमेकांवर घासून फाटायला वेळ लागत नाही. सेल एकमेकांना जोडणारे बसबारही कडक पट्टीचे न घेता मधे उचललेले, लवचीक घ्यावेत, नाहीतर प्रत्येक धक्का थेट टर्मिनलवर बसतो.

चौथ्या महिन्यात जे दिसलं ते नीट सांगतो, कारण ते कोणाच्याही बॅटरीत होऊ शकतं. इंडक्शन चालू असताना, म्हणजे १०० ॲम्पिअरवर, तिसरा सेल ३.१२ आणि बाकीचे तिघे ३.२४ दाखवत होते. चार्जिंगला ५० ॲम्पिअर जात असताना उलटं: तिसरा ३.४१, बाकीचे ३.३५. भार काढून दहा मिनिटं थांबलं की चौघेही सारखे. सेल कमजोर असता तर चार्जिंग संपल्यावर किंवा बॅटरी उतरत आल्यावरही मागे-पुढे दिसला असता. भाराला कमी, चार्जिंगला जास्त आणि आरामात सारखा, याचा अर्थ सेल ठीक आहे, जोड खराब आहे. हिशोबही जुळतो: १०० ॲम्पिअरला ०.१२ व्होल्ट म्हणजे १.२ मिलिओहम, ५० ला त्याच्या निम्मे ०.०६. आकडा क्षुल्लक वाटतो, पण १०० ॲम्पिअरवर त्या एका बोल्टपाशी १२ वॉट उष्णता तयार होते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची निम्मी, तीही प्लास्टिकला लागून.

बोल्ट पान्याला घट्टच लागत होता. उघडल्यावर कारण दिसलं: बीएमएसच्या सेन्स वायरची (सेलचं व्होल्टेज मोजणारी बारीक वायर) रिंग बसबारच्या वर ठेवायची सोडून बसबार आणि टर्मिनल यांच्यामध्ये बसवली होती. पूर्ण करंट त्या पत्र्याच्या चकतीतून जात होता आणि आजूबाजूचं ॲल्युमिनियम काळपट पडलं होतं. पृष्ठभाग स्कॉच-ब्राइटने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, अँटी-ऑक्सिडंट ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, मग बसबार आणि त्यावर रिंग. टॉर्क रेंचने ४ न्यूटन-मीटर. अंदाजाने आवळू नये; ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की सेल गेला. बोल्टची लांबीही तपासावी. तळाला टेकलेला बोल्ट हाताला घट्ट लागतो, पण बसबार दाबलेला नसतो. आता दर तीन महिन्यांनी इंडक्शन लावून चारही सेलचे आकडे बघतो, दोन मिनिटांचं काम आहे.

फ्यूजच्या बाबतीत काटकसर नको. शॉर्ट झाल्यावर हे सेल हजारो ॲम्पिअर देऊ शकतात, आणि साध्या फ्यूजमध्ये तार वितळल्यावरही आर्क चालू राहू शकतो. क्लास-टी फ्यूज २०,००० ॲम्पिअरपर्यंत तोडायला बनलेला असतो. २०० ॲम्पिअरचा एक, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. मुख्य केबल ५० चौरस मिलिमीटरची, लग (केबलच्या टोकाच्या कड्या) हायड्रॉलिक क्रिम्पिंगचे. हातोडीने ठोकलेला लग शिशाच्या बॅटरीवर खपून जायचा, इथे तापतो. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्यातले कपॅसिटर क्षणभर प्रचंड करंट ओढतात आणि बीएमएस शॉर्ट समजून बंद होतं. आधी २५-३० ओहमचा रेझिस्टर मधे धरून काही सेकंद थांबावं, मग केबल लावावी.

चार्ज कंट्रोलरवर ॲब्सॉर्प्शन (भरतानाचं वरचं व्होल्टेज) १४.२, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं) १३.५, इक्वलायझेशन (शिशाच्या बॅटरीला मधूनच दिलं जाणारं जादा व्होल्टेज) बंद, तापमान भरपाई शून्य. १४.६ पर्यंत न्यायची गरज नाही, १४.२ ला बॅटरी जवळजवळ पूर्ण भरते आणि सेलवर ताण कमी येतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. घरच्या सॉकेटवर चार्ज करायला जुना घरगुती इन्व्हर्टर वापरणार असाल तर त्याचा ट्यूब्युलर मोड आधी मोजून बघा. काही जण मधूनच १५ व्होल्टच्या वर जातात आणि बीएमएस तोडत बसतं. लिथियमसाठीचा १४.४ चा वेगळा चार्जर बरा.

व्होल्टमीटरवरून किती उरली हे कळण्याचे दिवस संपले. ३० टक्के काय आणि ८० काय, आकडा १३.१ ते १३.३ मध्येच घुटमळतो. त्यामुळे शंट, म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर, हवाच. त्यात टेल करंट (इतका कमी झाला की बॅटरी भरली असं धरायचं) ४ टक्के, प्यूकर्ट (जास्त भाराला क्षमता किती घटते याचा आकडा) १.०५, कार्यक्षमता ९९ टक्के भरावी आणि सगळे निगेटिव्ह शंटच्या पलीकडे घ्यावेत. एक जरी दिव्याचा निगेटिव्ह थेट बॅटरीला राहिला तर टक्के खोटे दिसतात. पावसाळ्यात बॅटरी आठवडा-आठवडा पूर्ण भरत नाही, तेव्हा आकडा हळूहळू सरकतो. महिन्यातून दोनदा पूर्ण भरली की आपोआप जुळतो.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो: जुलैत कोकणात त्याच ४०० वॉटमधून २५ ते ४० ॲम्पिअर-तासच मिळाले. फ्रीजलाच जेमतेम पुरतात. तिथे सगळी भिस्त इंजिनवर. एसीचं म्हणाल तर सरासरी ५०० वॉट धरले तरी आठ तासांचे चार युनिट होतात, ही बँक त्याला पुरणार नाही.

थंडी आणि उन्हाची काळजी वेगवेगळी. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ॲनोडवर धातुरूप लिथियम साचतं आणि क्षमता कायमची जाते. वापरायला हरकत नसते, भरायला असते. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी बॅटरी गाडीखाली न टांगता केबिनमध्येच ठेवावी आणि बीएमएसमध्ये चार्जिंग ५ अंशांखाली बंद करावं. ही सेटिंग पुष्कळदा बंद स्थितीत येते, उघडून बघावी. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं: बंद गाडी उन्हात उभी असते आणि पॅनेल्स बॅटरी दिवसभर शंभर टक्क्यांवर धरून ठेवतात. उष्णता आणि भरलेली स्थिती एकत्र आली की सेल लवकर म्हातारे होतात. गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर आधी पॅनेलचा ब्रेकर पाडावा, मग बँक ५०-६० टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करावा.