थंडीतलं पुणं आणि खिशातला रिको जीआर थ्री

स्ट्रीट फोटोग्राफीसाठी कॅमेरा कुठला घेऊ असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून रिको जीआर थ्री सांगतो, आणि घ्यायचाच असेल तर दसऱ्याच्या आधी घ्या बरं का, कारण तिथून जानेवारी संपेपर्यंत पुण्यात जो उजेड असतो तसा बाकी वर्षभर नसतो. डिसेंबरात भर दुपारी पण सूर्य ४८ अंशांच्या वर फारसा जात नाही, म्हणून पेठांतल्या बोळात एक भिंत लख्ख तर समोरची पार काळी आणि माणसांच्या सावल्या बऱ्यापैकी लांब. मोबाइल काय करतो, तो काळा भाग आपणहून उजळून ठेवतो आणि फोटोतली सगळी मजाच जाते. ह्या कॅमेऱ्यात हायलाइट वेटेड मीटरिंग (सगळ्यात उजळ भाग बघून प्रकाश ठरवणारी सेटिंग) लावायचं, ऊन पांढरंफट्ट होत नाही आणि काळं ते काळंच राहतं, मला तर पैसे इथेच वसूल वाटतात.

दुसरं म्हणजे स्नॅप फोकस, म्हणजे फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवायचं. एफ ८ (लेन्सचं भोक लहान), अंतर २ मीटर, बस, साधारण एक मीटरपासून पुढचं जवळपास सगळं शार्प, बटण एकदम पूर्ण दाबलं की क्लिक, फोकस शोधत बसायचं नाही. मंडईत सकाळी हिरव्या हरभऱ्याच्या जुड्यांवर एक मावशी हाताने पाणी शिंपडत होत्या, वरून उन्हाची एक तिरीप आलेली, ते थेंब हवेत असतानाच मिळाले, बोटं लाल झालेली पण दिसतात. फोटो दाखवला तर म्हणाल्या "अजून एक काढ, पदर नीट घेते". मोठी लेन्स समोर धरली की माणसं लगेच अवघडतात, हा जेमतेम २५७ ग्रॅमचा डबा हातात असला की कोणाचं लक्षच जात नाही. पण लेन्स फुल-फ्रेमच्या हिशोबात २८ एमएमची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, झूम नाही, जवळ जावंच लागतं, बोलावं लागतं, आणि कोणी नको म्हटलं तर नाही काढायचा, एवढं पाळाच.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, कडक उन्हात स्क्रीनवर अंदाजानेच फ्रेम लावावी लागते. फ्लॅश नाही, दिवाळीत आकाशकंदिलांच्या उजेडात त्याची गरजही नाही, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० बिनधास्त वापरा, सेन्सर एपीएस-सी, म्हणजे मोबाइलपेक्षा बराच मोठा आहे, थोडा ग्रेन (दाणेदारपणा) येतो तो छानच दिसतो. बॅटरी कंपनीच्याच आकड्याने २०० फोटोंची, तेव्हा तांबट आळीपासून तुळशीबागेपर्यंत सकाळ काढायची तर दुसरी खिशात हवीच, नाहीतर टाइप सी पॉवर बँक. धूळ-पाण्यासाठी सीलिंग नाही, त्यामुळे लक्ष्मी रोडला खोदाखोदी चालू असेल तर झिपच्या पाउचमधूनच न्या.

२८ फार वाइड वाटतं त्यांनी २०२१ साली आलेला जीआर थ्रीएक्स बघा, तो ४० एमएमचा, म्हणजे दृश्य जरा अरुंद. पक्षी, लग्नं, मुलांचं गॅदरिंग असलं काही काढायचं असेल तर मात्र हा घेऊच नका.