कॉम्प्युटरमधल्या पन्नास रुपयांच्या सेलपायी गेलेले ५४,२११ रुपये

कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो म्हणत फोनवरच्या एका भामट्याने मला लुटलं. आधी आकडे सांगते. 'तीन वर्षांच्या मेंटेनन्स प्लॅन'चे ४,९९९ रुपये. त्याच दुपारी, जीएसटी लावायचा राहिला म्हणून, ८९९ रुपये ८२ पैसे. पुढे 'रिफंड देतो' म्हणत खात्यातून उचलले ते ३८,५०० रुपये. आणि बँकेला फोन करून सगळं बंद करा म्हणून सांगितल्यानंतर गेले ते ९,८१२ रुपये ४० पैसे. बेरीज ५४,२११ रुपये २२ पैसे. घरी बसून डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करणाऱ्या बाईचे, पानापानाने जमवलेले पैसे आहेत हे.

मायक्रोसॉफ्टच्या नावाने फोन करून लोकांना कसं लुबाडतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पेपरात वाचलं होतं, घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं. पण त्या सगळ्या प्रकारांत फोन समोरून येतो. मला कुणाचाही फोन आला नव्हता. फोन मी केला होता. अडलेलं काम होतं, मदत हवी होती, आणि मदतीचा म्हणून जो नंबर दिसला तो त्यांचाच निघाला. म्हणून हे लिहिते आहे.

माझा कॉम्प्युटर २०१२ सालचा. विंडोज सेव्हन, चार जीबी रॅम. "एवढा जुना डबा ठेवलात कशाला?" हा प्रश्न मला पोलिस ठाण्यातही विचारला गेला, म्हणून त्याचं उत्तर इथेच देऊन टाकते. माझं पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टांचं श्रीलिपी त्याच मशीनवर आहे, ते चालायला लागणारं डोंगल, म्हणजे छोटी चावीच, त्यालाच लावलेलं आहे. इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लोकांचे प्रबंध, सगळं जुन्या फॉन्टांत. ते युनिकोडवर न्यायचं म्हटलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि प्रूफ पहिल्या पानापासून परत वाचावं लागतं. विंडोज सेव्हनचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, क्रोम १०९ च्या पुढे त्यावर चढत नाही, हे मला कुणी सांगायला नको. काम त्यावर आहे म्हणून मशीन आहे. जुनी वस्तू जपून वापरणं हा काही गुन्हा नाही.

ऐन लग्नसराईत त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. पान लावता लावता खट्‌कन बंद पडायचं आणि आपोआप परत सुरू व्हायचं. कधी निळा स्क्रीन यायचा, कधी तोही नाही. शिवाय सकाळी चालू केलं की एकही साइट धड उघडेना. 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही', एवढीच पाटी. मेलसुद्धा उघडेना आणि पत्रिकांच्या फाइली तर प्रेसला मेलनेच जायच्या होत्या. निळ्या स्क्रीनवरचा आकडा मोबाइलवर टाकून शोधलं तर सगळ्यात वर टोल फ्री नंबर, शेजारी विंडोजचं चिन्ह. बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं. गिऱ्हाइकांचे फोन सारखे येत असताना कोण ते बारीक अक्षर वाचतं?

आता ती जागा सांगते, जी आठवली की आजही रात्री झोप उडते.

फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता. अतिशय अदबीने. मी सगळं सांगितल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, कोने में डेट क्या दिखा रहा है?" मी खाली उजवीकडे बघितलं. १ जानेवारी २००९. त्याने मला त्या घड्याळावर क्लिक करून आजची तारीख आणि वेळ टाकायला लावली, आणि पान परत उघडायला सांगितलं. उघडलं. मेलही उघडला. 'सुरक्षित नाही'ची पाटी गायब.

इथे. नेमकं इथे फोन ठेवायला हवा होता. अर्धं दुखणं दोन मिनिटांत बरं झालं होतं. मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२, गाडीच्या रिमोट चावीत असतो तसाच. लाइट नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं रे केलं की तारीख मागे जाते. मी रात्री बोर्डावरून बटण बंद करते. साइटींची सुरक्षा प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती असतात, कॉम्प्युटर स्वतःला २००९ मध्ये समजत असेल तर त्याला प्रत्येक प्रमाणपत्र खोटंच वाटणार. पन्नास रुपयांचा सेल. त्या माणसाला हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं, म्हणून तर त्याने तारीख विचारली. रोग ओळखला, मला विश्वास बसावा एवढाच बरा केला, आणि मग त्याच रोगावर मला लुटलं. पण समोरच्याने खरोखर काहीतरी दुरुस्त करून दाखवलं असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा? घरी आलेल्या मेकॅनिकवरही आपण असाच विश्वास टाकतो.

पुढचं नाटक तुम्हाला पाठ असेल. एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, उतरवायला लावलं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची ही लांबलचक यादी दाखवली. 'कर्नल पॉवर ४१' या लाल ओळीवर माउस फिरवत म्हणाला, हे बघा, तुमच्या सिस्टिमचा गाभाच हॅक झालाय. त्या ओळीचा अर्थ एवढाच असतो की कॉम्प्युटर नीट शट डाउन न होता बंद पडला. लाइट गेली तरी ती ओळ येते. नव्याकोऱ्या मशीनमध्येही ही यादी भरलेलीच असते. यादीत कितीतरी ओळी २००९ सालच्या होत्या. मी विचारलंसुद्धा, की मशीन घेतलं २०१२ ला, मग २००९ च्या नोंदी कशा? तो म्हणाला, व्हायरस तारखा बदलतो. माझ्या प्रश्नातच उत्तर होतं आणि त्याने ते माझ्याच हातातून काढून घेतलं.

मग काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'असॉक' (assoc) टाइप केलं. शेवटी एक लांब आकडा आला, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. म्हणाला, हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, आमच्या रेकॉर्डलाही हाच आहे, जुळवून घ्या. आणि वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर जुळलं. नंतर माझ्या भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर तीच कमांड दिली, तर तिथेही तोच आकडा. जगातल्या कुठल्याही विंडोजवर तोच येतो. तुमच्याकडे विंडोज असेल तर आत्ता करून बघा आणि घरातल्या मोठ्या माणसांना दाखवा. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की दहा सूचनांचं काम होतं.

त्या मेंटेनन्स प्लॅनचे पैसे डेबिट कार्डाने भरले. कार्डाचे आकडे मी टाइप करत होते आणि तो माझी स्क्रीन बघत होता. कुणी स्क्रीन बघत असताना कार्ड, पासवर्ड, काहीही टाइप करू नका. एनीडेस्क मुळात वाईट नाही, माझा भाचा त्यावरूनच मला मदत करतो. पण आत कोणाला घ्यायचं ते आपण ठरवायचं, आणि ज्याचा चेहरा कधी बघितला नाही त्याला घ्यायचं नाही.

मशीन अर्थातच बंद पडत राहिलं. मी चिडून फोन केला, पैसे परत मागितले. तो लगेच हो म्हणाला. वादसुद्धा घातला नाही. परत कनेक्ट केलं, नेट बँकिंगमध्ये जाऊन रिफंड जमा झाला का ते बघायला सांगितलं. मी लॉगिन केलं आणि स्क्रीन काळी झाली. "सर्व्हर अपडेट हो रहा है, हात मत लगाना." मोबाइलवर ओटीपी आला, तो 'रिफंड कोड' म्हणून मागितला. दुसरा आला, तोही. मेसेजमध्ये पैसे पाठवण्यासाठी खातं जोडण्याबद्दल इंग्रजीत लिहिलेलं होतं, पण मोबाइलच्या वरच्या पट्टीत फक्त सहा आकडे ठळक दिसतात आणि फोन कानाला असतो. पैसे परत मिळवायला कधीही ओटीपी लागत नाही. स्क्रीन काळी झाली की इंटरनेटची वायर उपटा. वायफाय असेल तर राउटरचं बटण बंद करा. माउस हलवत बसू नका.

३८,५०० गेल्याचा मेसेज आला तसा मी बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, कार्डाचे शेवटचे चार आकडे टाका. शेवटी एक मुलगी भेटली. मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं, "माझं सगळं बंद करा. नेट बँकिंग, कार्ड, सगळं." तक्रार क्रमांक मिळाला. तिने नेट बँकिंग बंद केलं आणि कार्ड चालूच ठेवलं. त्या हरामखोराने काळ्या स्क्रीनमागे माझ्या कार्डाचे परदेशातले व्यवहार सुरू करून ठेवले होते. परदेशी साइटींवर ओटीपी लागेलच असं नाही. संध्याकाळी ९,८१२ रुपये ४० पैसे कुठल्याशा बाहेरच्या साइटवर गेले. माझ्याकडे तक्रार क्रमांक आहे, त्यावर वेळ आहे, आणि हे पैसे त्या वेळेनंतर गेलेले आहेत.

शाखेत गेले तर अधिकारी मान वर न करता म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिलात ना मॅडम, मग बँक काय करणार?" मी म्हटलं, ३८,५०० चं बोलू नका, शेवटच्या रकमेचं बोला, तिला ओटीपी आलाच नाही. ते म्हणाले, अर्ज द्या, वर पाठवतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणंही बँकेवरच आहे. त्याची प्रिंट मी टेबलावर ठेवली. त्यांनी ती अर्जाला जोडून घेतली आणि अर्जाची पोच द्यायला नकार दिला. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला होता. मी बसून राहिले. तो आल्यावर शिक्का घेऊनच उठले. पोच घेतल्याशिवाय बँकेतून उठू नका. तोंडी आश्वासनाला काहीही किंमत नाही.

पोलिसांचं काय सांगू? ठाण्यात म्हणाले, सायबरचं आहे, सायबरकडे जा. सायबरला म्हणाले, रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. एक जण म्हणाला, तो माणूस कुठल्या राज्यात बसलाय तेच माहीत नाही तर गुन्हा कुठे दाखल करायचा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात द्यायचा मला अधिकार आहे. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. मी कलम सांगितलं तेव्हा साहेबांना राग आला. बाईमाणसाने कायदा सांगावा याचाच जास्त राग होता असं मला वाटलं. ज्या बाकावर मला बसवलं होतं, त्याच्या वरच सायबर जागृतीचं रंगीत पोस्टर होतं, 'सतर्क राहा'. सतर्क राहायचं आम्हीच, आणि तक्रार घेऊन गेलो की आम्हालाच शहाणपण शिकवायचं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन मी त्याच रात्री केला होता. तुमच्यावर वेळ आली तर आधी तोच करा, बँकेच्या शाखेआधी, पोलिस ठाण्याआधी, नातेवाइकांआधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, लवकर कळवलं तर मधे कुठेतरी अडवता येतात. माझे ६,२०० रुपये असे अडकलेले सापडले आहेत. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल, आदेशासाठी पोलिसांचे कागद लागतील असं मला सांगितलं गेलं, आणि पोलिस कुठे धाडतात ते वर सांगितलंच आहे.

मशीन शेवटी बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या दादांनी बरं केलं. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची गोधडीच होती. त्यांनी ब्लोअर मारला, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासून परत बसवली. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, उघडून दाखवला. आत दोन कपॅसिटरांची डोकी फुगून वर आली होती. लोड आला की व्होल्टेज पडायचं आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. एसएमपीएस बदलला, सेल बदलला. बिल १,३५० रुपये, त्यात सेलचे पन्नास. हार्ड डिस्कची तब्येत बघणारं मोफत सॉफ्टवेअर टाकून तेही तपासून दिलं. मशीन गरम होऊन किंवा अचानक बंद पडत असेल तर आधी झाकण उघडायला लावा. उघडण्याआधी प्लग काढा आणि एसएमपीएसला स्वतः हात घालू नका, त्यात करंट साठून राहतो. फोनवरून कुणालाही धूळ दिसत नाही.

विंडोज परत टाकून घेतलं, कारण तो आत काय ठेवून गेला असेल सांगता येत नाही. पासवर्ड सगळे बदलले, तेही त्या मशीनवरून नाही, भाच्याच्या मोबाइलवरून. बँकेचं काम आता त्या कॉम्प्युटरवर होत नाही. इंटरनेटची वायर फाइल पाठवण्यापुरतीच लागते.

बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. बँकेचं उत्तर मला आलं. दोन ओळींचं, ओटीपी ग्राहकाने दिल्याचं सांगणारं, ९,८१२ रुपयांचा साधा उल्लेखही नसलेलं. ते पत्र, कस्टमर केअरच्या तक्रारीची वेळ दाखवणारा मेसेज, कार्डाच्या व्यवहाराची वेळ आणि शाखेचा शिक्का असलेला अर्ज, असे चार कागद जोडून मी लोकपालाकडे तक्रार दाखल केली आहे. सायबरने मागितलेलं आमच्या ठाण्याचं पत्र अजून मिळालेलं नाही. सोमवारी परत जाते आहे.