लॅटिन प्रत्ययांची कार्डं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

झाडाफुलांची शास्त्रीय नावं घोकून कंटाळले होते, म्हणून जूनमध्ये मोबाईलवर लॅटिन प्रत्ययांच्या कार्डांचा एक संच घेतला. तेव्हापासून रोज रात्री वीसेक कार्डं होतातच.

सगळ्यात कामी आला तो -एन्सिस. गावाच्या नावाला लागला की अर्थ 'तिथला'. 'कोल्हापुरी'तला आपला ई करतो तेच काम. कासच्या वायतुऱ्याचं नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे चक्क 'सातारी'! पण बेगोनिया कोंकानेन्सिस आणि दिपकाडी कोंकानेन्से ही नावं शेजारी ठेवली तेव्हा मला छपाईची चूक वाटली. चूक नाही. दिपकाडी हे नाम नपुंसकलिंगी, म्हणून शेवटी -एन्से. पुल्लिंग आणि स्त्रीलिंगाला मात्र एकच रूप. 'सोनेरी' या अर्थाच्या विशेषणात तर तिन्ही रूपं वेगळी: आउरेउस, आउरेआ, आउरेउम. चांगला-चांगली-चांगलं म्हणत वाढलेल्यांना हे जड जात नाही.

-ओसुस म्हणजे 'पुष्कळ असलेला': पिलुस म्हणजे केस, पिलोसुस म्हणजे केसाळ. आपला -आळ अगदी तसाच बसतो.

आता तक्रार. संचात -आलिस आणि -आरिस ही दोन वेगळी कार्डं आहेत, आणि कुठे कोणता लावायचा याबद्दल अवाक्षर नाही. दोन महिने मी अंदाजाने उत्तरं देत होते. खरं तर प्रत्यय एकच. नाविस (जहाज) पासून नावालिस; पण लूना (चंद्र) मध्ये आधीच ल आहे, दोन ल जवळजवळ नकोत, म्हणून लूनारिस. तसंच सोलारिस, पोपुलारिस. फ्लोरालिसमध्ये ल आहे, पण त्याच्यानंतर र येतो, म्हणून पुन्हा -आलिस. लोकालिस, लेगालिस नियमाला जुमानत नाहीत. दोन्हींत मध्ये क किंवा ग आहे. म्हणजे मुंबईची 'लोकल' अपवादातून आली आणि छतावरचं 'सोलर' नियमातून! हे उमगलं त्या रात्री मी सगळी कार्डं पुन्हा पहिल्यापासून केली.

दुसरी उणीव ऱ्हस्व-दीर्घाची. फाकिलिस (सोपा) मधला कि ऱ्हस्व, कीवीलिस (नागरिकांचा) मधला वी दीर्घ, आणि त्यावरूनच आघात कुठे पडतो ते ठरतं. कार्डांवर दोन्ही सारखेच छापलेत. मी शब्दकोशात पाहून एकेक दुरुस्त करतेय, निम्म्याच्या वर झालीत.