टाकीची झाकणं, शिडी आणि जाळ्या : दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आमची सोसायटी दादर पश्चिमेला. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी सात वर्षं मानद सेक्रेटरी, म्हणजे पगार शून्य आणि बोलणी भरपूर. गच्चीवर सिमेंटच्या दोन टाक्या, खाली जमिनीत एक. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पालिकेच्या कीटकनाशक खात्याचा माणूस आला, स्टुलावर स्टूल ठेवून कसाबसा टाकीवर चढला आणि लांब दांड्याचा पांढरा डाव आत बुडवून माझ्यासमोर धरला.

"काकू, या अळ्या बघा. पाण्यावर आडव्या पडल्यात ना? मलेरियाच्या. दुसऱ्या असत्या तर डोकं खाली करून लटकल्या असत्या."

त्याच पाण्याचा सकाळी चहा प्याले होते.

नोटीस सोसायटीच्या नावाने आली. मुंबई महानगरपालिका कायदा, १८८८, कलम ३८१ ब. सोप्या भाषेत सांगायचं तर जागेचा मालक असो नाहीतर ताबेदार, डासांची पैदास होईल असं पाणी त्याने आपल्या जागेत राहू द्यायचं नाही. राहू दिलं तर दोन हजारांपासून दहा हजारांपर्यंत दंड. सभेत तळमजल्याचे नाना उठले. "डास काय आपले मेंबर आहेत? पालिकेने धूर मारावा!"

धूर तर आम्ही स्वतःच्या पैशाने मारत होतो. दर महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला मशीन घरघरवत यायचा, सगळी सोसायटी खोकायची आणि 'काम झालं' असं समाधान मिळायचं. पण धुराने उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो, आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन बाहेर. कंत्राटाचा कागद काढून वाचला. त्यात टाकी हा शब्दच नव्हता. ते कंत्राट मी बंद केलं आणि त्या पैशात खालचं काम केलं. हा रिव्ह्यू त्या कामाचा.

आमच्याच भागातल्या फॅब्रिकेटरकडून फायबरची तीन झाकणं, एक लोखंडी शिडी आणि पाइपांना जाळ्या घेतल्या. बसवून, जीएसटीसकट २६,५०० रुपये. आधीची झाकणं बिडाची होती. इतकी जड की प्लंबर दोन्ही हातांनी सरकवायचा आणि जाताना अर्धवट टेकवून जायचा. एकाचा कोपरा उडालेला, तिथे कुणीतरी वीट आणि गोणपाट ठेवलेलं. मादीला अंडी घालायला आत शिरायचं तर बोटभर फटही पुष्कळ झाली.

नवं झाकण बिजागरीवर उघडतं, मी एका हाताने उघडते (वय चौसष्ट). कडा खाली वळवलेली आहे, ती टाकीच्या काठावरून बाहेर उतरते, आत रबराची पट्टी. कडी-कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे, त्यामुळे प्लंबरला जाताना मला तोंड दाखवावं लागतं आणि झाकण लागलंय का, हे मी विचारते. खरं तर एवढ्यानेच निम्मं काम झालं.

शिडीवर सभेत सगळ्यात जास्त भांडण झालं. नऊ हजार रुपये शिडीला कशाला? तर कशाला म्हणजे, तपासणीला माणूस वर पोचायला हवा म्हणून. पालिका शिडी मागतेच. शिवाय स्टुलावरून कुणी पडला असता तर ते कोणत्या कलमात बसवलं असतं? कठडा असलेली, पायऱ्या रुंद असलेली घ्या. उभी सरळ शिडी स्वस्त पडते, पण तिच्यावर पावसाळ्यात कुणी चढत नाही.

आता तक्रारी. ओव्हरफ्लोच्या पाइपाला फॅब्रिकेटरने आधी प्लास्टिकची भोकाभोकांची टोपी लावली. पहिल्याच जोराच्या पावसात ती उडाली. मग स्टेनलेसची बारीक जाळी क्लिपने आवळून घेतली, ती टिकली. मात्र तिच्यावर शेवाळ धरतं. दोन-तीन महिन्यांनी ब्रशने घासली नाही तर पाणी अडतं. टाकीच्या हवेच्या वाकड्या पाइपाला जाळी लावायला तो साफ विसरला. मीही विसरले. महिनाभर त्यावर मच्छरदाणीचा तुकडा तारेने बांधलेला होता. आणि बिजागऱ्यांचे नट साधे लोखंडी! समुद्र हाकेवर, एका पावसाळ्यात गंजले. स्वतःच्या खर्चाने बदलून दिले म्हणून पाचपैकी चार तारे, नाहीतर तीन दिले असते. बिलावर 'नट-बोल्टसकट स्टेनलेस' असं लिहून घ्या.

जाता जाता, मुंबईत हे झाकणाचं भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने शहरातल्या मलेरियाचा अहवाल दिला आणि घरोघरच्या विहिरींवर बोट ठेवलं. त्यानंतर विहिरी बुजवा नाहीतर झाका, असा धोशा सुरू झाला. विहिरीच्या पाण्यावाचून धर्मकृत्यं अडणाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा वरून बंद, मधे जाळीचं दार असा मार्ग निघाला. माझं माहेर गिरगावातल्या वाडीतलं. आमच्या विहिरीवरही पत्रा आणि त्यात जाळीचं दार होतं. लहानपणी वाटायचं, आम्ही पोरं पडू नये म्हणून ते लावलंय.

झाकणांनी काय होत नाही, तेही सांगते. घरातलं पाणी ती झाकत नाहीत. डेंग्यूच्या डासाला टाकी लागत नाही, मनी प्लांटची बाटली किंवा कुंडीखालची बशी पुरते. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून बशी नुसती ओतून चालत नाही, घासावी लागते. हे मी जिन्यातल्या फळ्यावर लिहिलं होतं. कुणीतरी खाली लिहिलं, 'बाई, भांडीवाली पाठवा.'

यंदा जुलैमध्ये तोच माणूस आला. शिडीने वर गेला, टॉर्च मारली, पाच मिनिटांत खाली. "टाक्या छान. आता घरं बघतो." तळमजल्यावर फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये डाव जाईना, म्हणून ट्रेच बाहेर काढला. आत अळ्या. या वेळी नोटीस सोसायटीला आली नाही, ताबेदाराच्या नावाने निघाली.

संध्याकाळी नाना कागद घेऊन माझ्या दारात उभे. "सेक्रेटरीबाई, हे मेंटेनन्समध्ये बसतं का हो?"

"नाही बसत, नाना. आत या, चहा घ्या."