नागपूरच्या डेंटल कॉलेजात एक दाढ, एक कवळी: आठ महिन्यांनंतर

मागच्या पोळ्याला पुरणपोळी खाता खाता खालची डावी दाढ अशी ठणकली, की तोंडातला घास तसाच हातात काढावा लागला. त्या दाढेत दोन वर्षांपूर्वीच सिमेंट भरून घेतलं होतं, तालुक्याच्या गावच्या एका खासगी दवाखान्यात. तेव्हा म्हणाले होते, आता दहा वर्षं बघायचं काम नाही. पुन्हा तिथेच गेले. खुर्चीत बसल्या बसल्या हिशेब सांगितला: रूट कॅनल (म्हणजे दाढेच्या मुळातल्या नळ्या साफ करून भरणं) आणि वरची कॅप मिळून 9,000, शेजारच्या दोन दाढांचंही आत्ताच करून घ्या, आजच सुरू केलं तर हजार कमी. त्या दोन दाढा मला जन्मात कधी दुखल्या नव्हत्या. एक्स-रे दाखवा म्हटलं तर "ताई, तुम्हाला त्यातलं काय कळणार" असं उत्तर आलं. उठून घरी आले.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जामच्या चौरस्त्यापासून आत. स्वस्तात दाताचं काम म्हटलं की आमच्याकडे आधी सावंगीचं नाव निघतं. वर्ध्याला लागून सावंगी मेघे इथे शरद पवार डेंटल कॉलेज आहे, आणि खरं तर तेच बऱ्याच जणांना सोयीचं. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या भागात शासकीय दंत महाविद्यालय आहे, 1968 पासूनचं. हिंगणा रोडकडे डिगडोह आणि वानाडोंगरीला खासगी डेंटल कॉलेजं आहेत. मी नागपूर धरलं ते एकाच कारणाने. नणंद तिथे राहते, उशीर झाला तर मुक्कामाची सोय. यातल्या कोणत्या कॉलेजात गेले ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

डेंटल कॉलेज म्हणजे काय ते आधी नीट समजून जा, नाहीतर पहिल्याच दिवशी वैतागून परत याल. आपलं काम करतात ती शिकणारी मुलं. त्यांना परीक्षेला बसायच्या आधी इतकी रूट कॅनल, इतक्या कवळ्या, इतके दात काढणं असा कोटा पुरा करायचा असतो. म्हणून स्वस्त. पण प्रत्येक पायरीला सर किंवा मॅडम येऊन बघतात, सही करतात, मगच पुढची पायरी. खासगीत जे काम पाऊण तासाचं, ते इथे तीन तासांचं. त्यातले दोन तास "सर राउंडला गेले आहेत" यातच जातात.

पहिल्या दिवशी केस पेपर, तपासणी, एक्स-रे, एवढंच. एक्स-रे मात्र स्क्रीनवर माझ्यासमोर मोठा करून दाखवला. दुखणारी दाढ मुळापर्यंत किडलेली, मुळाच्या टोकाशी काळसर डाग. शेजारच्या दोघींपैकी एक ठणठणीत, दुसरीला बारीक कीड, साधं सिमेंट पुरे. म्हणजे तालुक्याला मी नुसत्या भीतीपोटी आणखी पंधरा-वीस हजार देऊन बसले असते. एवढ्या एका गोष्टीसाठी मला ते कॉलेज आवडतं. तिथे कोणाला माझ्या दाढेतून दवाखान्याचं भाडं काढायचं नसतं.

माझं काम एका गोंदियाकडच्या मुलीने केलं. मला काकू म्हणायची. तिचं इंजेक्शन अगदी मागे, जबड्याच्या कोपऱ्यात; अर्धा ओठ आणि अर्धी जीभ लाकडासारखी झाली. मग दाढेभोवती निळं रबर ताणून बसवलं, त्यातून एकटी दाढच वर डोकावत होती. सुईसारख्या बारीक फाइलवर रबराची इवलीशी चकती असते, ती सरकवून नळी किती खोल ते मोजतात. शेजारी एक छोटी डबी होती, फाइल मुळाच्या टोकाशी पोचली की ती टीं टीं वाजायची. तिने माप घेतलं, एक्स-रे काढला, मॅडमना बोलावलं. मॅडमनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "अर्धा मिलिमीटर कमी कर." परत माप, परत एक्स-रे. पोरीच्या कपाळावर घाम आला होता. मला तोंड उघडून उघडून जबडा दुखायला लागला होता, पण मनात आलं, तालुक्याला अर्ध्या मिलिमीटरसाठी कोणी थांबलं असतं का? तीन नळ्या निघाल्या. धुवायला जे पाणी वापरतात त्याला कपड्याच्या ब्लीचसारखा वास येतो, घाबरू नका, ते त्याच जातीचं औषध आहे. शेवटच्या दिवशी गुलाबी काड्या भरल्या आणि तोंडभर लवंगेचा वास सुटला.

पण आता तक्रारी. दुसऱ्या फेरीला गेले तर तिची अंतर्गत परीक्षा, "काकू, पुढच्या आठवड्यात या." मला फोन करून सांगता आलं असतं. दिवस गेला. त्यानंतर मी तिचा नंबर घेतला आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी विचारल्याशिवाय घर सोडलं नाही. तुम्हीही पहिल्याच दिवशी नंबर घ्या, लाजू नका. तिला पेशंटची गरज तुमच्याइतकीच असते. दुसरी गोष्ट, रूट कॅनल झालं की काम संपलं असं समजून बरेच जण कॅप न घेता घरी बसतात. दाढ आतून पोकळ झालेली असते, आपली ज्वारीची भाकर आणि भाजलेले चणे तिला फोडतात. कॅपचा विभाग वेगळा, रांग वेगळी, पैसे वेगळे, आणि हे पहिल्या दिवशी कोणी नीट सांगत नाही. मी धातूवर सिरॅमिकची घेतली. पहिल्यांदा बसवली तेव्हा किंचित उंच होती, चावताना आधी तीच लागायची. निळ्या कागदावर चावायला लावून घासली, मग जमली.

पैशाचं म्हणाल तर पावत्या ठेवल्या आहेत. रूट कॅनल 1,200, कॅप 1,500, एक्स-रे आणि केस पेपर 170. झाले 2,870. नऊ हजारांपुढे हे किरकोळ वाटतं. पण मला सहा फेऱ्या पडल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, तरी ऑटो, चहा धरून फेरीला 200. शिवाय कापूस वेचणीचे दिवस. माझ्या जागी बाई लावली त्याचे दिवसाला 350 धरले, तर फेऱ्यांचेच 3,300 झाले. म्हणजे एकूण 6,170. एका दाढेसाठी नागपूर गाठून वाचले तीनेक हजार, आणि सहा दिवस. ज्यांना 2,870 ऐकून भुरळ पडते त्यांनी हा हिशेब घरी आधी मांडावा. दात नुसता काढायचा असेल तर नागपूरचा विचारही करू नका, ग्रामीण नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात विचारा.

कवळीचं गणित मात्र साफ वेगळं निघालं. आमच्या मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, वय 77. वरचे दात कधीचेच गेले, खाली तीन हलणारे उरले होते. भाकर दुधात कुस्करून खायचे. कवळी करू म्हटलं तर, "मले दात कायले पायजे वं? मरतो तवा संगं नेऊ का?" बाहेर दोन्ही जबड्यांच्या कवळीचे 18,000 सांगितले होते. कॉलेजात 2,500. आणि मामाजींना एसटी फुकट, पंचाहत्तरच्या पुढे तिकीटच नाही. आम्हा दोघांचं मिळून अर्धं तिकीट! कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना मामाजींची छाती फुगलेली असायची.

त्यांची पहिली फेरी माझ्या चुकीने वाया गेली. दात काढायचे म्हणून त्यांना उपाशी नेलं, बीपीची गोळीही सकाळी दिली नाही. तिथे बीपी मोजलं आणि परत पाठवलं. उपाशी न्यायचं नसतं, रोजच्या गोळ्या चुकवायच्या नसतात, आणि रक्त पातळ करायची गोळी किंवा शुगर असेल तर ते आधी सांगायचं असतं. पुढच्या वेळी पोहे खाऊन गेलो, तिन्ही दात निघाले. मग जखम भरून जबडा सावरायला दोन महिने थांबायला सांगितलं. त्या दोन महिन्यांत माझ्या कॅपचं काम उरकलं. आधी कळलं असतं तर दोघांचे दिवस एकच धरले असते, निदान दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

कवळीला पाच बैठका. आधी पेस्ट भरून माप. मग हिरवी कांडी दिव्यावर मऊ करून, गरम पाण्यात बुडवून, थोडी थोडी कडेने लावत परत माप. प्रत्येक वेळी ओठ ओढून, जीभ बाहेर काढायला सांगून. त्या दिवशी मामाजी वैतागले, "पोरी, हे तोंड हाय का साचा?" मुलगी हसली, पण तोच दिवस सगळ्यात महत्त्वाचा असतो म्हणाली, कड नीट नसली की कवळी बोलतानाच खाली येते. मग मेणाच्या विटा चावून जबड्याची उंची, मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघणं. इथे नातेवाइकाने बोललं पाहिजे, नंतर बदल होत नाही. पांढरेशुभ्र दात बसवले होते, मी म्हटलं जरा पिवळट द्या, सत्याहत्तरीच्या माणसाला शोभतील असे. दिले.

सहा महिन्यांनंतर वरची कवळी उत्तम. खालची अजून तरंगते. हाडच झिजलेलं आहे, त्यामुळे वरच्यासारखी पकड येणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पहिल्या पंधरा दिवसांत हिरडीला दोन ठिकाणी फोड आले, एक जास्तीची फेरी मारून तेवढी जागा घासून आणली. फोड आला की घरी कानशीने घासू नका. आमच्या शेजारच्यांनी ते करून कवळी कायमची ढिली केली. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, वाकडी होते. टूथपेस्टने घासली की चरे पडतात, साबण आणि मऊ ब्रश बरा. आणि धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवा. मामाजींच्या हातून मोरीच्या फरशीवर पडून वरचीला भेग गेली होती. ते डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवायच्या तयारीत होते, मी हातातून काढून घेतली आणि नागपूरला नेऊन दुरुस्त करून आणली. मार्गशीर्षात जे तुरीचे सोले वाटून आमटीत घालावे लागले, ते पुढच्या मार्गशीर्षात अख्खे खाईन म्हणतात. भाजलेला भुट्टा मात्र नाही, तो सुरीने सोलून देते.

या सगळ्यात एक काम आम्ही काढायला गेलोच नव्हतो. एका फेरीला आमचे हे सोबत होते, बसल्या बसल्या त्यांनीही केस पेपर काढला. डॉक्टरांनी सांगितलं, तोंड उघडा आणि तीन बोटं उभी घाला. दोनच गेली. पट्टीने मोजलं, 28 मिलिमीटर. दिवसाला चार खर्रे (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले), पंधरा वर्षं. मसालेदार खाल्लं की तोंड भाजतं ही तक्रार त्यांची तीन वर्षांची, आणि मी आपली भाजीतलं तिखट कमी करत होते! गालाच्या आत पांढरट, दोरीसारखे पट्टे लागत होते, डॉक्टरांनी माझं बोट फिरवून दाखवलं. हे होतं ते मुख्य करून सुपारीने, तंबाखू नसली तरी होतं, आणि पुढे कॅन्सरची भीती असते. राज्यात गुटखा 2012 पासून बंद आहे, पण खर्रा पानठेल्यावर तुमच्यासमोर प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून मिळतो. त्या हॉलमध्ये तोंड न उघडणारी पोरं बघितली, विशी-पंचविशीची. जबडा इतका आखडला की रूट कॅनलची फाइलही मागच्या दाढेपर्यंत जात नाही.

यांना गोळ्या आणि तोंड उघडायचा व्यायाम दिला आहे. खर्रा चारवरून एकावर आला आहे असं ते सांगतात. खिशातल्या पन्न्या मी मोजते, दोन असतात. मागच्या महिन्यात पट्टीवर 30 आलं. पुढची तारीख शेतातली डवरणी (पिकाच्या ओळींमधलं तण काढणं) आटोपल्यावरची घेतली आहे, त्याच दिवशी मामाजींची खालची कवळी आतून भरून घ्यायची आहे. या वेळी दोघांची कामं एकाच फेरीत. माझी दाढ कशी आहे विचाराल तर काल त्याच बाजूने फुटाणे खाल्ले.