चार अँटेना, त्यातले दोन नुसते दाखवायला: ३८,५०० रुपयांना बसलेला फटका

आकडा आधी सांगतो, म्हणजे लपवल्यासारखं वाटायला नको. ३८,५०० रुपये. ५,००० आदल्या रात्री टोकन म्हणून यूपीआयने, आणि ३३,५०० दुसऱ्या दिवशी रावपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर, वस्तू हातात घेऊन. पैसे मीच पाठवले, वस्तू मीच तपासली. आता प्रत्येक जण मला हेच ऐकवतो.

वस्तू म्हणजे गिंबलवर (कॅमेरा हलू न देणारा मोटरचा दांडा) लावायचा वायरलेस व्हिडिओ ट्रान्समीटर आणि त्याचा रिसीव्हर. बडोद्यात लग्नं शूट करतोय त्याला अकरा वर्षं झाली, मी काही नवखा नाही. पण हल्ली प्रत्येक पार्टीला गिंबलचं चित्र स्टेजवरच्या एलईडी वॉलवर लाईव्ह हवं असतं. गिंबलला वायर बांधली की ती ओढते, बॅलन्स जातो, मोटर कुरकुरायला लागते. बिलासकट नवा सेट मला सत्तर हजारांच्या घरात सांगितला होता. सेकंडहँड घेणं हा गुन्हा नाही, आमच्या लाईनीत निम्म्या लेन्स अशाच हातोहात फिरतात.

विकणारा फोनवर म्हणाला, "दादा, मी पण दांडिया बाजारचाच. आपल्या माणसाला कोण फसवतं?" झालं, तिथेच मी अर्धा विरघळलो. दिवसभर गुजरातीत धंदा केल्यावर कोणी घरची मराठी बोललं की आपण हिशेब विसरतो. त्याचा पत्ता विचारायचंही मला सुचलं नाही. तुम्ही विचारा, आधार कार्ड बघा, आणि दुकानाचं जुनं बिल नसेल तर चहा पिऊन घरी या.

आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यासमोर येतो. माझा कॅमेरा त्याने हातात घेतला आणि चहाच्या किटलीवर रोखला. मॉनिटरवर किटली झकास, वाफसुद्धा दिसत होती. "बघा, एकदम क्लिअर." अहो, किटली हलते का? तेवढ्यात टपरीवरचा पोऱ्या ग्लास घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेला. तो पलीकडे पोहोचला, आणि मॉनिटरवर अजून मधेच होता. मी बघितलं. मी बोललोसुद्धा. तो हसून म्हणाला, "तो उशीर तुमच्या कॅमेऱ्याचा न् मॉनिटरचा आहे दादा, एचडीएमआयला येतोच."

हे अर्धं खरं आहे, म्हणून तर लागू पडलं. कॅमेरा आणि मॉनिटर मिळून दोन-तीन फ्रेम खातातच. पण खरं-खोटं करायला एक मिनिट पुरलं असतं: तीच जोडणी वायरने करून बघायची. वायर माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात होती. हात घातला नाही. त्याला आणंदची गाडी पकडायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासमोर अडाणी दिसायची मला लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात लग्न. अक्षता पडल्या, बँड सुरू झाला, आणि वॉलवर भटजी अजून "सावधान" म्हणत होते. मांडव हसला. मग पाहुणे मोबाईल उंचावून पुढे सरकले आणि चित्र गोठलंच. हे सेट ५ गिगाहर्ट्झवर चालतात, मधे माणसांची भिंत आली की चांगल्या सेटचाही दम निघतो. याचा तर जीवच गेला. वधूच्या काकांनी बिलातून १२,००० कापले. म्हणजे एकूण ५०,५००.

घरी येऊन मोजलं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचं, कॅमेरा त्यावर धरायचा, मॉनिटर शेजारी ठेवायचा आणि दुसऱ्या मोबाईलने दोन्हींचा एकच फोटो काढायचा. वायरने फरक ०.१० सेकंद, सेटने ०.५८. म्हणजे सेटचे एकट्याचे ०.४८, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने बारा फ्रेम. टेराडेक बोल्टसारख्या सेटला एक मिलीसेकंदसुद्धा लागत नाही. असिस्टंट मॉनिटर बघून फोकस ओढत असेल तर बारा फ्रेममध्ये नवरी येऊन निघून जाते.

मग डबा उघडला. स्क्रूची डोकी आधीच खरवडलेली होती (हेही टपरीवर दिसायला हवं होतं). नामांकित कंपनीच्या खोक्यात पाचेक हजारांच्या एचडीएमआय एक्स्टेंडरचा, म्हणजे टीव्हीचं चित्र बिनवायरीने दुसऱ्या खोलीत न्यायच्या डबीचा, बोर्ड. चारपैकी दोन अँटेनांना आतून तारच नाही, नुसते पिळून बसवलेले. आणि वजन भरायला डबल टेपने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. मी ती पट्टी गिंबलवर बॅलन्स करत बसलो होतो!

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन केला. तक्रार नोंदवली, वर विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले ना?" बँक म्हणाली, व्यवहार यशस्वी. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "माल तो मळ्यो ने, भाई? तो छेतरपिंडी शेनी?" (माल तर मिळाला ना, मग फसवणूक कसली?) मी डबा उघडून ते दोन अँटेना दाखवले. त्यांनी एक फिरवून बघितला, "चाले छे के नई?" विचारलं आणि सायबरकडे धाडलं. सायबरवाले म्हणाले, भेटून सौदा झाला, ठाण्यातच जा. परत ठाणे. फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, हे त्या टेबलावर मीच सांगितलं, त्यावर मलाच विचारण्यात आलं, "वकील छो?" ग्राहक मंचाची चौकशी केली, तर विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे, म्हणून तिथेही अवघड. चार हेलपाट्यांत मिळालं काय, तर अर्जाच्या झेरॉक्सवर एक पुसट शिक्का. दोन दिवसांचं काम बुडालं ते वेगळंच.

बायको म्हणते, सोडा आता. कसं सोडू? काल रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, गाव आता भरूच, किंमत ३६,०००. मी दुसऱ्या नंबरवरून विचारलं, "वायर लावून बघता येईल का?" दोन निळ्या टिका आल्या आणि त्याने मला ब्लॉक केलं.